मागच्या सीटवरून दिसणारा ग्रेट ओशन रोड

मेलबर्नहून सकाळी निघायचं, ट्वेल्व्ह अपॉसल्स हे समुद्रातले चुनखडीचे सुळके बघायचे आणि रात्री परत यायचं, असा ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट ओशन रोडचा कार्यक्रम बरेच जण आखतात. मूल बरोबर असेल तर तसं करू नये, असं आमचं ठाम मत आहे. टॉर्की ते ॲलन्सफर्ड हा २४३ किलोमीटरचा रस्ता मुलाच्या नजरेतून बघायचा, तर एक मुक्काम अपोलो बेला आणि एक पोर्ट कॅम्पबेलला हवाच.

पहिला निर्णय गाडीत बसण्याआधीच घ्यायचा: मुलाची सीट मागे डाव्या बाजूला. इथे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. टॉर्कीहून पश्चिमेला जाताना समुद्रही डावीकडेच असतो. त्यामुळे मुलाला खिडकीतून पाणी दिसतं, थांबल्यावर ते रहदारीच्या नाही तर कडेच्या बाजूला उतरतं आणि समुद्राकडचे थांबे डावीकडेच असल्याने समोरून येणारी लेन ओलांडावी लागत नाही. उलट दिशेने गेलात तर यातला पहिला आणि तिसरा फायदा जातो.

चाइल्ड सीट गाडी भाड्याने घेतानाच मागून ठेवा. घरून नेलेली चालत नाही, कारण तिच्यावर ऑस्ट्रेलियन मानकाचं चिन्ह लागतं. हा रस्ता ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात सात वर्षांपर्यंत सीट किंवा बूस्टर सक्तीचा आहे आणि मागे सीटची रांग असलेल्या गाडीत चार वर्षांखालच्या मुलाला पुढे बसवता येत नाही. तिथल्या सीटला वरून मागे जाणारा एक पट्टाही असतो. तो गाडीतल्या हुकात अडकवून ताणला नाही, तर अचानक ब्रेक लागल्यावर सीट पुढे कलंडते. गाडी ताब्यात घेताना तो हलवून बघाच.

सुरुवातीचा टप्पा सोपा आहे. एअरीज इनलेटचं पांढरं स्प्लिट पॉइंट दीपगृह १८९१ सालचं. मुलांना ते लांबूनच ओळखू येतं. पुढे ईस्टर्न व्ह्यूला रस्त्यावरच लाकडी कमान येते. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्यांनी हा रस्ता खोदला, न परतलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ. मुलाला हे कमानीखाली उभं राहून सांगावं. पुस्तकातला इतिहास तिथे हाताला लागतो.

खरी कसोटी लॉर्न ते अपोलो बे. अंतर जेमतेम ४५ किलोमीटर, पण वळणांमुळे तास लागतो आणि मुलांना उलट्या होतात त्या इथेच. कानाला वळण कळतं, डोळ्यांसमोर मात्र स्थिर सीट असते. ही विसंगती मेंदूला झेपत नाही. म्हणून मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक बंद, काच थोडी खाली, नजर क्षितिजावर. लॉर्नला पोटभर खाऊ घालू नका, थोडं कोरडं काहीतरी पुरे. गोळी द्यायची असेल तर ती डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या आधी. मागे गाड्या साचल्या तर घाई न करता बाजूच्या जागेत थांबून त्यांना जाऊ द्या.

याच टप्प्याच्या मध्यावर केनेट रिव्हर येतं. ग्रे रिव्हर रोडच्या निलगिरींवर कोआला शोधायचे, तर पानांत नाही, फांदीच्या बेचक्यात बघायचं: राखाडी गोळा दिसला की तोच. दिवसातले बहुतेक तास ते झोपूनच असतात. हा शोध मुलं मोठ्यांपेक्षा चांगला लावतात, म्हणून इथे घड्याळ बघू नका. अपोलो बेच्या पुढे मेट्स रेस्टची जंगलातली लहानशी पायवाट आहे. माणसापेक्षा उंच नेचे बघत मूल ती सहज चालतं. त्या भागात मोबाइलची रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

ट्वेल्व्ह अपॉसल्सला पहिला प्रश्न येतो, 'बारा कुठे आहेत?' बारा कधीच नव्हते. त्यातला एक सुळका जुलै २००५ मध्ये कोसळला. चुनखडीचा कडा लाटा खालून पोखरतात, आधी गुहा, मग कमान, मग कमानीचं छत पडून एकटा सुळका. सहा वर्षांच्या मुलालाही हा क्रम पटकन समजतो, कारण थोड्याच अंतरावर लंडन आर्च ही खडकाची कमान आहे. जमिनीला जोडलेला तिचा भाग १९९० मध्ये पडला, तेव्हा टोकावर अडकलेल्या दोघांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. म्हणूनच कुंपणापलीकडे एक पाऊलही टाकू द्यायचं नाही. प्रेक्षागॅलरीत कठड्याचा दांडा नेमका लहान मुलाच्या डोळ्यांसमोर येतो. कडेवर घ्यायचं तर कठड्यापासून मागे उभं राहून, आणि दक्षिण महासागरावरून येणाऱ्या वाऱ्यासाठी उन्हाळ्यातही कानटोपी हवी.

मुलांना जास्त रमवतात त्या गिब्सन स्टेप्स. कड्यावरून वाळूत उतरणाऱ्या ८६ पायऱ्या. तिथून सुळक्यांची उंची खालून कळते. भरतीला किंवा दरड सुटल्यावर वाट बंद असते. पाण्यात मात्र उतरायचं नाही. पोहणं फक्त लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे, गस्त असलेल्या किनाऱ्यावर.

संध्याकाळी अंधार पडायच्या आत गाडी मुक्कामी लावा, कारण त्या वेळी कांगारू रस्त्यावर येतात. परतीला किनारा सोडून कोलॅकमार्गे प्रिन्सेस हायवे धरा. पोर्ट कॅम्पबेलहून मेलबर्न साधारण तीन तास, आणि वळणं जवळजवळ नाहीत.