गंगटोकच्या रिजवर १९७५ शोधताना

सिलिगुडीहून शेअर जीप निघाली की तिस्ता सोबतीला येते, आणि रंगपोला सिक्कीमची कमान लागते. पन्नासेक वर्षांपूर्वी इथून पुढे चोग्यालांचं, म्हणजे सिक्कीमच्या राजांचं, राज्य होतं. १९५० च्या करारानं संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण भारताकडे होतं, गादी मात्र नामग्याल घराण्याची, १६४२ पासूनची.

आपली मंडळी छांगू, नथुला, लाचुंग उरकून परततात. मी एक सकाळ गंगटोकच्या रिजवर काढली. राजवाड्यात पर्यटकांना सोडत नाहीत, म्हणून बाहेरूनच बघत उभा राहिलो. ९ एप्रिल १९७५ ला भारतीय लष्कर या राजवाड्यापाशी आलं. पहाऱ्यावरचा बसंतकुमार छेत्री गोळी लागून गेला, बाकीच्या सिक्कीम गार्ड्सची शस्त्रं काढून घेतली. आत होते चोग्याल पाल्देन थोंडुप. हे गृहस्थ हौशी रेडिओवाले, त्यांचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, एसी३पीटी. त्या दिवशीही त्यांनी रेडिओवरून बाहेर निरोप धाडला म्हणतात.

पुढचं सगळं भराभर झालं. १० एप्रिलला विधानसभेनं राजेशाही संपवण्याचा ठराव केला आणि १४ ला सार्वमत. बाजूनं ५९,६३७, विरोधात १,४९६. राजाविरुद्धचा राग खोटा नव्हता. नेपाळीभाषक बहुसंख्य, पण जागावाटपात त्यांच्या मताला तेवढं वजन नाही. १९७४ च्या निवडणुकीत काझी ल्हेंडुप दोरजींच्या सिक्कीम काँग्रेसनं ३२ पैकी ३१ जागा घेतल्या, त्या उगाच नाही. पण ठराव ते मतदान, मध्ये फक्त चार दिवस? उत्तरेकडच्या दुर्गम लाचेनचा रस्ता बघितलेल्या माणसाला ही घाई खटकतेच. शिवाय राजा नको आणि भारतात यायचं, ह्या दोन गोष्टी एकाच प्रश्नात बांधलेल्या.

दिल्लीत तेव्हा परराष्ट्रमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. २३ एप्रिलला लोकसभेनं, २६ ला राज्यसभेनं घटनादुरुस्ती मंजूर केली आणि १६ मेला सिक्कीम भारताचं २२ वं राज्य झालं. पुढच्याच महिन्यात आणीबाणी आली, मग सिक्कीमकडे बघायला कोणाला सवड होती!

गंगटोकच्या लाल बाजारात छुरपी (इथलं चीज) घेताना दुकानदाराला विचारलं, "दाजू, तुमच्या घरी तेव्हा कोणी कसं मत दिलं?" ते हसले. "मी सहावीत होतो. बाबांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही." आणि सुटे पैसे मोजायला लागले.

१९७९ मध्ये याच मतदारांनी विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या नरबहादूर भंडारींना सत्तेवर बसवलं, काझींच्या पक्षाला भोपळा. चोग्याल १९८२ मध्ये न्यूयॉर्कला वारले. काझी २००७ पर्यंत जगले, शेवट कालिम्पोंगला.

१६ मेच्या सुमारास जाणार असाल तर राज्य दिनाची सुट्टी लक्षात ठेवा, आणि पावसाळ्यात तिस्ताकाठचा रस्ता दरडींनी अडतो, तेव्हा परतीच्या विमानाआधी एक दिवस हाताशी ठेवाच.