ईमच्या रेक्टरची दोन मुलं

इंग्लंडमधल्या ईम गावाचा रेक्टर, म्हणजे तिथल्या चर्चचा धर्मगुरू मॉम्पेसन, यानं आपली मुलं जून १६६६ मध्येच यॉर्कशरला पाठवली होती. जॉर्ज आणि एलिझाबेथ, दोघंही लहानगी. त्याच महिन्यात मॉम्पेसननं गावाला सांगितलं की आता कुणी वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही. ईमच्या प्लेगची हकिगत वाचताना आज या एका गोष्टीपाशी अडखळले, आणि दिवसभर ती डोक्यातून जाईना.

बाकीची हकिगत पाठ आहे. सप्टेंबर १६६५. लंडनहून शिंप्याकडे आलेलं कापड दमट होतं, त्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्सनं ते चुलीपुढे वाळत घातलं, त्यातल्या पिसवा ऊब लागताच उठल्या आणि काही दिवसांत तो गेला. थंडीत पिसवा मंदावतात, म्हणून हिवाळ्यात मृत्यू कमी झाले. मे संपेपर्यंत लोकांना वाटू लागलं, सुटलो. जूनमध्ये पुन्हा पेटलं. तोवर ज्यांना परवडत होतं ते निघून गेले होते.

आणि रेक्टरची मुलंही. हे मला खुपतं. एकट्या त्याचं गावकऱ्यांनी ऐकलंही नसतं. त्यांचा जीव आधीच्या धर्मगुरूवर, १६६२ मध्ये पदावरून काढलेल्या टॉमस स्टॅन्लीवर होता. दोघांचं पटण्यासारखं काही नव्हतं, तरी ते एकत्र उभे राहिले म्हणून गाव थांबलं. चर्चला कुलूप, प्रार्थना ककलेट डेल्फच्या उघड्या घळीत, प्रत्येक कुटुंब दुसऱ्यापासून अंतर राखून. चर्चच्या आवारात दफन बंद; ज्याचं माणूस त्यानंच आपल्या बागेत किंवा शेतात पुरायचं. स्टोनी मिडलटनच्या बाजूला सीमेवर एक दगड आहे, वर भोकं पाडलेली. त्यांत व्हिनेगर भरून नाणी ठेवायची, बाहेरच्यांनी नाणी उचलून धान्य ठेवायचं आणि समोरासमोर न येता निघून जायचं. उत्तरेच्या झऱ्यावर वाहत्या पाण्यानंच नाणी धुतली जायची. चॅट्सवर्थहून डेव्हनशरच्या अर्लनं रसद पाठवली.

नाण्यांची काळजी घेतली, उंदरांची कुणी घेतली नाही. घ्यायची हेच माहीत नव्हतं. उंदरांवरच्या पिसवांतून प्लेग पसरतो हा धागा फ्रेंच शास्त्रज्ञ सिमोंला सापडला तो १८९८ मध्ये, कराचीत. गाव बंद झालं तेव्हा रोगही माणसांबरोबर आतच कोंडला गेला. ऑगस्टमध्ये सत्तरहून जास्त माणसं गेली. रायलीच्या टेकडीवर एलिझाबेथ हॅनकॉकनं आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. एकटीनं. ती गोल कुंपणातली थडगी आजही आहेत.

सहा मुलं! आणि तिकडे दोन सुखरूप.

सावित्रीबाई आठवल्या. १८९७ च्या प्लेगात त्यांनी डॉक्टर झालेल्या यशवंतला हाताशी घेऊन पुण्याबाहेर दवाखाना उघडला, रोगी स्वतः उचलून आणले, १० मार्चला त्यातच गेल्या. पण ही तुलना लावून धरता येत नाही. यशवंत कर्ता माणूस होता, ही पोरं शाळेच्याही वयाची नव्हती. शिवाय मुलं गेली तेव्हा गावाचा निर्णय झालेला नव्हता. मॉम्पेसननं बायकोला, कॅथरिनलाही जा म्हणून सांगितलं होतं. ती राहिली, आणि २५ ऑगस्टला गेली. तिथलं दफन बंद असूनही चर्चच्या आवारात, आठव्या शतकातल्या सॅक्सन क्रॉसजवळ तिचं थडगं आहे. आई गेल्याचं मुलांना पत्रानं कळवावं लागलं. ते लिहिणाऱ्या हाताला मी काय विचारणार?

तरीही खुपायचं ते खुपतंच, फक्त राग उरला नाही. सुरक्षित जागा आहे हे माहीत असून पोटच्या पोरांना प्लेगात ठेवणारा बाप मला जास्त समजला असता, असंही नाही.

१ नोव्हेंबरला शेवटचा मृत्यू. एकूण सुमारे २६०. १६६९ मध्ये मॉम्पेसन नॉटिंगहॅमशरमधल्या ईक्रिंगला गेला, तर तिथल्या लोकांनी धास्तीनं त्याला गावात घेतलं नाही, रफर्ड पार्कातल्या झोपडीत काही काळ ठेवलं, असं सांगतात. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी अजूनही ककलेट डेल्फला प्रार्थना होते. त्या दिवशी हॅनकॉकच्या सहा मुलांबरोबर यॉर्कशरला गेलेल्या त्या दोघांचंही नाव कुणी घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.