देस्काहेच्या गावी: ग्रँड रिव्हरकाठचा एक दिवस

टोरोंटोहून ब्रँटफर्ड गाडीने साधारण दीड तास. बरीचशी मंडळी ग्रॅहम बेलचं घर बघून तिथूनच परततात. आम्ही या वेळी पुढे, ५४ नंबरच्या रस्त्याने नदीच्या काठाकाठाने ओहस्वेकन या मूळनिवासी लोकांच्या वस्तीतल्या गावी गेलो. देस्काहेसाठी.

देस्काहे हे खरं तर पद. हौदेनोशोनी या सहा मूळनिवासी राष्ट्रांच्या संघातल्या कायुगा लोकांमध्ये एका कुळाकडे ते चालत आलेलं. कुळमाता ते योग्य माणसाला देते, आणि तो चुकला तर काढूनही घेते. १९१७ मध्ये ते लेव्ही जनरल या शेतकऱ्याकडे आलं. कॅनडा सरकार पारंपरिक परिषद मोडायला निघालंय हे दिसल्यावर हा माणूस १९२३ मध्ये आपल्याच लोकांचा पासपोर्ट घेऊन जिनिव्हाला राष्ट्रसंघाकडे (लीग ऑफ नेशन्स) दाद मागायला गेला. आयर्लंड, नेदरलँड्स, इराण, पनामा, एस्टोनिया पाठीशी उभे राहिले. पण ब्रिटनने जोर लावला आणि राष्ट्रसंघाने त्याचं म्हणणं ऐकूनच घेतलं नाही.

ओहस्वेकनमध्ये जुनं विटांचं कौन्सिल हाऊस बाहेरून तरी बघाच. देस्काहे परदेशात असतानाच, ७ ऑक्टोबर १९२४ ला, इथे परिषद बरखास्त झाल्याचं जाहीर केलं गेलं आणि निवडणुकीची परिषद लादली गेली. त्या निवडणुकीत बायकांना मत नव्हतं. ते मिळायला १९५१ उजाडलं. ज्या समाजात प्रमुख नेमायचा अधिकारच बायकांचा, तिथे हे! मी त्या इमारतीसमोर बराच वेळ नुसती उभी होते. पारंपरिक परिषद मात्र संपली नाही, ती आजही भरते.

वाटेत चीफ्सवूड लागतं, कवयित्री पॉलीन जॉन्सनचं जन्मघर. घराला सारखेच दोन दर्शनी दरवाजे: एक नदीकडे, होडीने येणाऱ्यांसाठी, दुसरा रस्त्याकडे. घर उन्हाळ्यातच उघडं असतं, वेळ आधी बघून निघा. ब्रँटफर्डच्या वूडलँड कल्चरल सेंटरला निदान दोन तास द्या. शेजारीच १९७० पर्यंत चाललेली निवासी शाळा आहे, मूळनिवासी मुलांना घरापासून, भाषेपासून तोडणारी. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी थोडं समजावून सांगा.

गाडीशिवाय ओहस्वेकन जमणार नाही. मक्याचं सूप जरूर घ्या. पांढरा मका राखेच्या पाण्यात उकळून त्याची सालं काढतात, फार चवदार लागतो. पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं, शाकाहारी लोकांनी विचारूनच घ्यावं. लाँगहाऊस ही पूजेची, परिषदेची जागा आहे. बोलावल्याशिवाय आत जाऊ नका, फोटोही नको. देस्काहेची कबर सावर स्प्रिंग्सच्या लाँगहाऊसजवळ आहे, म्हणून आम्ही तिकडे गेलो नाही.

देस्काहे २७ जून १९२५ ला सीमेपलीकडे, न्यूयॉर्क राज्यातल्या टस्करोरा वस्तीत, तिथले प्रमुख क्लिंटन रिकार्ड यांच्या घरी वारला. त्याच्या वैदूला सीमेवरच अडवलं होतं, असं सांगतात. पुढच्याच वर्षी रिकार्डनी मूळनिवासींच्या हक्कांसाठी संघटना उभारली, आणि आजही दर जुलैत हे मूळनिवासी लोक, मोकळेपणाने ये-जा करणं हा आपला हक्क म्हणून, नायगाराची सीमा चालत ओलांडतात. जुलैत धबधबा बघायला जाणार असाल, तर ती तारीख विचारून जा.