ग्राफिक्स कार्डाशिवाय घरचा कॉम्प्युटर: प्रोसेसर आणि पार्ट कसे ठरवले

घरासाठी कॉम्प्युटर जुळवायचं ठरलं तेव्हा बजेट मॉनिटर वगळून ३५ ते ४० हजारांचं होतं आणि अट एकच, वेगळं ग्राफिक्स कार्ड आत्ता घ्यायचं नाही. काम म्हणजे ब्राउझर, ऑफिस, थोडं प्रोग्रॅमिंग, फोटो, अधूनमधून व्हिडिओ एडिटिंग आणि मुलांचे हलके गेम. या एका अटीनं निम्मी यादी कापली गेली. ज्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहणार.

हे नावावरून ओळखता येतं. इंटेलच्या नंबरमागे ‘एफ’ असेल (आय३ १२१००एफ, आय५ १२४००एफ) तर आत ग्राफिक्स नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) उलटं आहे, ‘जी’ असेल तरच ग्राफिक्स. म्हणून रायझन ५ ५५०० आणि ५६०० दोन्ही बाद. यातला ५५०० बऱ्याच कोटेशनमध्ये ‘५६००जीपेक्षा स्वस्त, तेवढाच फास्ट’ म्हणून येतो. ते खोटं नाही, कारण दोन्हींचा मूळ आराखडा एकच आहे. फक्त ५५०० मध्ये ग्राफिक्स मिळत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

आणखी एक प्रकार बाजूला काढून ठेवा. ‘कोअर आय५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, नवा कोरा’ अशी दहा-बारा हजारांची जाहिरात दिसली की पिढी विचारायची. बहुतेक वेळा तो आय५ ३४७० किंवा त्याच्या आसपासचा निघतो, म्हणजे २०१२ सालचा चार कोर, चार थ्रेडचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा भाग, थ्रेड म्हणजे एका वेळी चालणारी कामाची धार) जुना प्रोसेसर, नव्यानं बनवलेल्या एच६१ बोर्डावर बसवलेला. मायक्रोसॉफ्टच्या यादीप्रमाणे विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी किंवा रायझनची २००० मालिका लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मग नवा कॅबिनेट आणि रंगीत पंखे घेऊन करायचं काय?

शेवटी यादीत तीन नावं उरली: आय३ १२१००, आय५ १२४०० आणि रायझन ५ ५६००जी. १२१०० मध्ये चार कोर, आठ थ्रेड आहेत. एका कोरचा वेग उत्तम, त्यामुळे ऑफिस आणि ब्राउझरमध्ये तो कुठेही कमी पडत नाही. त्याचं यूएचडी ७३० ग्राफिक्स एव्ही१ व्हिडिओ (यूट्यूबही वापरतं तो फॉरमॅट) हार्डवेअरवर उलगडतं, आणि व्हिडिओ एन्कोडिंगला क्विक सिंकचा, म्हणजे इंटेलच्या त्यासाठीच्या खास हार्डवेअरचा, चांगला उपयोग होतो. १२४०० मध्ये सहा कोर, बारा थ्रेड आणि तेच यूएचडी ७३०. ५६००जी ऑगस्ट २०२१ चा आहे. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॉट, आणि व्हेगा ग्राफिक्सचे सात युनिट. गेमसाठी हे व्हेगा यूएचडी ७३० च्या बरंच पुढे आहे. उणीव म्हणजे त्याला एव्ही१ हार्डवेअरवर उलगडता येत नाही. यूट्यूबवर तो भार कोरांवर येतो, पण सहा कोरांना तो जड जात नाही.

गेम अजिबात नको असते आणि काम एडिटिंगचं असतं, तर मी १२४०० घेतला असता. गेम थोडे का होईना हवे होते, म्हणून ५६००जी. एएम५ वरचे ८५००जी आणि ८६००जी ग्राफिक्समध्ये याच्या पुढचे आहेत. पण तिथे डीडीआर५ रॅमच लागते, बोर्डही महाग, आणि सगळं बजेट तिथेच संपतं. एएम४ सॉकेट २०१६ पासूनचं, त्यावर आता नवं काही विशेष येणार नाही, हे मान्य करूनच तो निवडला.

प्रोसेसर ठरला की बोर्ड सोपा होतो. ए५२० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डाच्या सोयी ठरवणारी चिप) मायक्रो-एटीएक्स, म्हणजे लहान आकाराचा बोर्ड पुरेसा आहे. त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ठरलेल्या वेगाच्या वर नेता येत नाही, आणि पीसीआय एक्स्प्रेस (कार्ड आणि एसएसडी जोडायचा मार्ग) ३.० पर्यंतच मिळतं, पण ५६००जी स्वतःच ३.० चा असल्यानं बी५५० या वरच्या चिपसेटचे जादा पैसे त्या बाबतीत वाया जातात. याच कारणानं जेन ४ (म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस ४.० ची) एसएसडीही जेन ३ च्या वेगानंच चालते, म्हणजे सेकंदाला साधारण ३,५०० एमबी. घरकामाला तेवढा वेग भरपूर झाला. जुन्या स्टॉकचा बी४५० बोर्ड स्वस्तात मिळाला तर खोक्यावर ‘रायझन ५००० डेस्कटॉप रेडी’ असं स्टिकर आहे का बघा. नसेल तर बायोस (मशीन सुरू करणारं, बोर्डातच असलेलं सॉफ्टवेअर) जुना असू शकतो आणि मशीन सुरूच होत नाही. दुकानदाराकडून बायोस अपडेट करून घ्यायचा, तो ‘घरी जाऊन करा’ म्हणाला तर बोर्ड घ्यायचा नाही. जुन्या बायोसचा बोर्ड नवा प्रोसेसर ओळखणार नसेल तर घरी अपडेट करणार कसा? बोर्डाच्या मागे एचडीएमआय पोर्ट आहे ना, तेही बघायचं.

रॅमवर मात्र थांबायला हवं, कारण या मशीनचा अर्धा वेग तिच्यात आहे. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच वाटा घेतं. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन स्टिक लावल्या की ५१.२. तुलनेला, जीटीएक्स १६५० च्या साध्या जीडीडीआर५ कार्डाला १२८ मिळतात. म्हणजे दोन स्टिक लावूनही व्हेगाला तंगीच असते, एकीवर तर त्याचा जीवच जातो. दुकानात हमखास सल्ला मिळतो, ‘आत्ता १६ ची एक घ्या, पुढे दुसरी लावू.’ ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनला तो ठीक आहे, इथे नाही. ८ जीबीच्या दोन, ३२०० स्पीडच्या आणि शक्यतो एकाच किटमधल्या घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढले आहेत. बजेट तिथे फाटत असेल तर वापरलेल्या दोन स्टिक घ्यायला हरकत नाही. रॅम सहसा खराब होत नाही, आणि रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ प्रोग्रॅम रात्रभर लावून ठेवला की सकाळी निकाल समोर असतो. वापरलेला एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) मात्र कुणी फुकट दिला तरी नको.

एसएमपीएसचं गणित वॉटेजचं कमी आणि दर्जाचं जास्त आहे. हा प्रोसेसर भरात असताना ८८ वॉटच्या आसपास घेतो, बाकी सगळं धरून मशीन १५० वॉटच्या आत राहतं. तरीही चांगल्या कंपनीचा ४५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) घेतला. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवरही ४५० च लिहिलेलं असतं. त्याचं लेबल उलटून १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर वाचायचे. तिथे १४ असतील तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॉट. खऱ्या ४५० वॉटच्या युनिटवर ३५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो. हातात घेतलं तरी वजनातला फरक कळतो. शिवाय फुकटच्या एसएमपीएसला सीपीयूसाठी फक्त चार पिनांचा कनेक्टर असतो आणि ग्राफिक्स कार्डासाठीचा सहा अधिक दोन पिनांचा नसतोच. पुढे आरएक्स ६६०० सारखं १३२ वॉटचं कार्ड लावायचं म्हटलं की एसएमपीएस बदलण्यापासून सुरुवात करावी लागते.

पुढच्या कार्डाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं, पण ते पीसीआय एक्स्प्रेसच्या चारच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरतं. आपल्या ३.० च्या बोर्डावर ते आणखी मंदावतं, वर त्यात व्हिडिओ एन्कोडरही नाही. या बोर्डासाठी ते टाळावं.

एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई (पीसीआय एक्स्प्रेसवर चालणारी), टीएलसी प्रकारची, म्हणजे मेमरीच्या एका पेशीत तीन बिट साठवणारी घेतली. चार बिट साठवणारी क्यूएलसी थोडी स्वस्त असते, पण मोठी फाइल कॉपी करताना कॅशे भरली की वेग कोसळतो. कॅबिनेटला पुढून काच नको, जाळी हवी, आणि पुढे-मागे एकेक पंखा. त्याहून जास्त खर्च त्यावर करू नये.

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडला करा, पुण्यात तपकीर गल्लीत करा किंवा ऑनलाइन, तीन गोष्टी सोडायच्या नाहीत. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला हवा. ‘ट्रे’ प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्यासोबत कूलर नसतो आणि कंपनीची नेहमीची वॉरंटीही मिळत नाही. बिल जीएसटीचं आणि प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर त्यावर लिहिलेला. ‘बिल नको असेल तर थोडं कमी करतो’ हे ऐकू येतंच, पण त्या बचतीपोटी तीन वर्षांची वॉरंटी घालवण्यात अर्थ नाही. तिसरी गोष्ट, एका दुकानाचं कोटेशन दुसऱ्याला दाखवताना मॉडेलचं पूर्ण नाव द्यायचं. ‘५०० जीबी एसएसडी’ एवढंच लिहिलं की समोरचा सगळ्यात हलकी एसएसडी धरूनच भाव सांगतो.

जोडणी बोर्डाच्या खोक्यावरच सुरू करायची, कॅबिनेटमध्ये नाही. एएम४ प्रोसेसरच्या खाली १,३३१ नाजूक पिना असतात. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला, लिव्हर उभी केली की प्रोसेसर स्वतःच्या वजनानं खाली बसतो. बोटानं दाबावं लागत असेल तर काहीतरी वाकडं आहे. ५६००जीसोबत व्रेथ स्टेल्थ कूलर येतो, तळाला पेस्ट लावलेलीच असते. तो लावण्याआधी सॉकेटच्या दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात. त्यांचे चार स्क्रू सुटले की बोर्डामागची धातूची प्लेट सुटी होऊन पडते, म्हणून एक हात मागे धरून ठेवायचा. मग कूलरचे चार स्प्रिंगवाले स्क्रू त्याच प्लेटमध्ये तिरपे-तिरपे, दोन-दोन वेढे देत आवळायचे. एक स्क्रू आधीच पूर्ण आवळला तर समोरचा पोचतच नाही.

हा कूलर पुढे कधी काढायचा झाला तर आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून, प्लग काढून, कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळत उचला. थंड असताना सरळ वर ओढला की लिव्हर लावलेली असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात.

रॅम दोन्ही बाजूंनी ‘खट’ आवाज येईपर्यंत दाबायची. बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. कॅबिनेटमध्ये आधी मागची पत्र्याची आयओ शिल्ड, मग बोर्डाच्या भोकांखाली येतील तेवढेच पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर धरणारे छोटे खांब). एखादा जादा स्टँडऑफ बोर्डाच्या मागे टेकला तर शॉर्ट होतो. सीपीयूची चार अधिक चार आणि कार्डाची सहा अधिक दोन पिनांची वायर दिसायला सारखी, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. जबरदस्तीनं बसवायची नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर पंखे फिरतात आणि स्क्रीनवर काहीच येत नाही, हा ‘नो डिस्प्ले’ बहुतेक वेळा नीट न बसलेल्या रॅममुळे असतो. प्लग काढून रॅम पुन्हा बसवा, मग एकेक स्टिक लावून बघा. वापरलेली असेल तर सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरानं पुसा. तरीही अंधार असेल तर सीपीयूची वायर लागली आहे का ते बघा, ती विसरते. काही बोर्डांवर पहिल्याच वेळी एफटीपीएमबद्दल (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या किल्ल्या ठेवायची सोय) संदेश येऊन वाय किंवा एन दाबायला सांगतात. नव्या मशीनवर वाय दाबा. पुढे बायोस अपडेट करताना मात्र बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर विंडोज दारातच अडवतं.

बायोसमध्ये पहिलं काम एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवणारं सेटिंग) चालू करणं, काही बोर्डांवर त्याचंच नाव डीओसीपी. ते केलं नाही तर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वर चालत राहते आणि कळतही नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर स्पीड दिसतो. गेमसाठी ग्राफिक्सचा राखीव वाटा २ जीबी केला. १६ पैकी १४ च दिसू लागले तर रॅम खराब नाही, वाटा गेला आहे. विंडोज ११ सेटअपच्या वेळी इंटरनेट मागतं, आणि स्वस्त बोर्डात वायफाय नसतं. लॅनची केबल किंवा लॅन ड्रायव्हर टाकलेला पेनड्राइव्ह जवळ हवाच.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर बहुतेक वेळा एसएमपीएस बिघडलेला नसतो, घरातल्या प्लगला अर्थिंग नसतं. एसएमपीएसमधले फिल्टर कपॅसिटर पत्र्यावर जवळपास निम्मा व्होल्टेज आणून ठेवतात. तो प्रवाह अगदी थोडा असतो, पण यूएसबी आणि बोर्डासाठी बरा नाही. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्यायचं, तीन पिनी प्लगची एक पिन कापायची नाही.

उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भात खोलीच ४० अंशांवर जाते तेव्हा छोट्या कूलरचा आवाज चढतो. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, तोपर्यंत तो स्वतःला सांभाळतो. आवाज नको असेल तर बायोसमध्ये ४५ वॉटचा इको मोड आहे. ऑफिसच्या कामात फरक जाणवत नाही, व्हिडिओ रेंडर व्हायला थोडा वेळ जास्त लागतो. मे संपला की पुन्हा ६५ वर न्यायचा.