गोलोवानोवचा बोरिस, नोंद ४: हमिंगनेच वाट दाखवली

मंडळी, पांढरी एक, म्हणजे सी, सापडली! राज्याभिषेकाच्या प्रवेशातला खर्जातला सी माझ्या ट्रान्सफरमध्ये (तबकडीवरून संगणकात उतरवलेल्या प्रतीत) तीन आठवडे पांढरी एक आणि काळी एकच्या मधोमध लटकत होता. काल रात्री साडेअकराला तो जागेवर बसला. घरातल्यांना उठवून ऐकवावंसं वाटत होतं.

सेट तोच: कंडक्टर निकोलाय गोलोवानोवने मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरच्या ताफ्यासह केलेला मुसोर्गस्कीचा ऑपेरा ‘बोरिस गोदुनोव’, ध्वनिमुद्रण १९४८-४९चं. माझी प्रत जुन्या बाजारातली, खोक्याशिवाय, लेबलवर गोस्ट ५२८९-६८ (१९६८चा सोव्हिएत मानक क्रमांक), म्हणजे छाप बराच नंतरचा.

सुरुवातीला मी सगळा दोष टर्नटेबलला दिला होता. बेल्ट नवा घातला. एका दुरुस्तीवाल्याने मोटरही बदलायला लावली, तिची काहीच गरज नव्हती. स्ट्रोब डिस्क (वेग तपासायची रेघांची चकती) ट्यूबलाइटखाली धरली तर ३३⅓च्या १८० रेघा भिंतीसारख्या स्थिर. (एलईडीखाली बघू नका, तिथे काही कळत नाही.) यंत्र बरोबर आणि स्वर चढा, म्हणजे गडबड तबकडीतच होती. पण किती?

पहिली चूक घंटांची. त्या प्रवेशात दोन कॉर्ड आलटून पालटून येतात, ए फ्लॅट सेव्हन आणि डी सेव्हन. दोघांत सी आणि एफ शार्प समाईक आहेत, त्यामुळे वर सगळं डोलत असताना तळाचा सी जागचा हलत नाही. मोजायला याहून सोयीची जागा नाही. पण वर घंटा वाजतात, घंटेचे उपस्वर कुठल्याही सप्तकाला जुमानत नाहीत, आणि मी स्पेक्ट्रममधली सगळ्यात उंच सुळकी धरून बसलो होतो. ती घंटेची निघाली. तीन रविवार त्यात गेले.

दुसरी चूक जास्त जिव्हारी लागली. ज्या टेपवरून तबकडी बनते, त्या जुन्या टेपवर मुद्रणाच्या वेळचं विजेचं हमिंग उतरलेलं असतं. तिकडे वीज ५० हर्ट्झची. ते हमिंग आज ५०च्या वर ऐकू आलं, तर तबकडी बनवताना टेप तेवढी वेगाने धावली असं समजायचं. मी मोजलं तर बरोबर ५०! म्हणून नोंद ३ मध्ये लिहून टाकलं की वेग ठीक आहे, ऑर्केस्ट्राच चढा लावलेला असणार. ते वाक्य मागे घेतो. आपलीही वीज ५०चीच आहे. मी मोजत होतो ते माझ्याच फोनो स्टेजचं (सुईचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्राचं) हमिंग होतं.

काल सुई उचलून ठेवली आणि रेकॉर्डिंग चालूच ठेवलं. ५०ची सुळकी तशीच उभी. तेव्हा डोक्यात उजेड पडला. अर्थिंगची तार नव्याने कसली, स्विचिंग अडॅप्टर हलवला, सुळकी बसली. मग ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल २००० हर्ट्झवर रिसँपल करून ८१९२चा विंडो घेतला. हे नक्की करा. ४४१००वर साध्या सेटिंगने बघाल तर ५० आणि ५१ एकाच ढिगात जातात; असं केलं की पाव हर्ट्झपर्यंत दिसतं, फक्त चार सेकंद शांतता लागते. सुरुवातीच्या रिकाम्या खाचेत काही नाही, आणि टेप सुरू होताक्षणी, पहिल्या घंटेच्या आधी, बारीकशी रेघ: ५१.४. तिसऱ्या पटीत १५४.२. म्हणजे टेपच २.८ टक्के वेगात, जवळपास पाव स्वर वर, पांढरी एक ते काळी एकच्या निम्म्यावर.

मॉस्कोची वीज त्या दिवशी काटेकोर ५० असेलच असं नाही, म्हणून सीने पडताळलं. वेग २.७२ टक्के कमी केल्यावर तो ६७.६ वरून ६५.८ वर आला. वीस मिनिटांची बाजू तेहतीस-चौतीस सेकंदांनी लांबली.

आणि मग ऐकलं! मी मागे लिहिलं होतं की गोलोवानोव इथे घाई करतो आणि कोरस पातळ वाटतो. अजिबात नाही. तो सिनोडल शाळेत वाढलेला माणूस, चर्चच्या गायनातून आलेला, १९१५ला बोल्शोईत शिरला तोही कोरसच्या कामासाठी. आता बासांचा थर पायाखालच्या जमिनीसारखा लागतो आणि ओळीच्या शेवटी तो जो श्वास रोखून धरतो, तो पुरेपूर मिळतो. १९२८मध्ये वर्तमानपत्रांनी त्याच्या नावावरून ‘गोलोवानोवश्चिना’ (गोलोवानोवगिरी) असा शब्द पाडून त्याला थिएटरबाहेर काढलं, १९३६ला पुन्हा बाहेर, १९४८ला प्रमुख म्हणून परत, १९५३ला तिसऱ्यांदा गच्छंती आणि त्याच ऑगस्टमध्ये मृत्यू. हातात पाचच वर्षं होती, त्यातलं हे काम. पाव स्वर चढवून ते ऐकणं त्याच्यावर अन्याय होता.

खास जपून ठेवलेली जागा: सेंट बेसिल चर्चसमोरचा प्रवेश, कोझलोव्स्कीने गायलेला युरोदिवी, तो वेडा संत. बाकी ऑपेराला रिम्स्की-कोर्साकोवचा साज, पण या प्रवेशाचं ऑर्केस्ट्रेशन इप्पोलितोव-इवानोवचं, म्हणजे गोलोवानोवच्या गुरूचं. तो आवाज खरा वेग मिळाल्यावर रडवेला न वाटता निव्वळ एकटा वाटतो. मी दोनदा लावला.

आता सगळ्या बाजूंवर तोच २.७२चा आकडा लावून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता सुचलं, तसं करता कामा नये. हे मुद्रण आधी गायक मार्क रेइझेनला बोरिस करून झालं, मग पुढच्या वर्षी बोरिसचे भाग अलेक्झांडर पिरोगोवकडून गाऊन घेऊन बसवले. माझ्या लेबलवर पिरोगोव आहे. वेगळं वर्ष, वेगळ्या दिवसाची टेप, तर हमिंगचा आकडाही वेगळा असू शकतो. प्रत्येक शांत जागेचा आकडा काढला तर सांधे कुठे आहेत ते कागदावर दिसायला हवं!

म्हणून संगीतकार स्क्र्याबिनच्या तबकड्यांची रांग थांबली. गोल्डनवाइझरच्या पियानोचा १९४७चा ‘प्रोमेथियस’ पुसून तयार ठेवला होता, तो परत कव्हरात. मोनो कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) मात्र बदलत नाही. स्टिरिओने या खाचांतली खरखर दुप्पट होते, यावर माझं मत पक्कं आहे.

कुणाकडे रेइझेनचा सेट असेल तर राज्याभिषेकाच्या बाजूची पहिली दहा सेकंद, सुई टेकवण्यापासून, काही न गाळता पाठवा. मी आज बोरिसच्या पहिल्या स्वगताच्या अलीकडची जागा मोजायला बसतोय.