यादीतली सातवी ओळ

2022 चा पावसाळा. सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरचं एक तालुक्याचं कार्यालय. कुठलं ते सांगत नाही, अजून तिथेच नोकरीला आहे. अभिलेख कक्षातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, सोडायचे, जुनी परिपत्रकं स्कॅन करायची आणि कुठला नियम चालू, कुठला रद्द, कुठले दोन एकमेकांना छेद देतात हे संगणकाकडून ताडून घ्यायचं, असं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. सोबतीला एक कंत्राटी मुलगा. प्रोग्राम त्याचा, कागद माझे. कागद तरी कसले! अर्धे कसरीने खाल्लेले, उरलेल्यांवर बुरशी. पंख्याखाली पसरून वाळवायचे, मग मशीनवर ठेवायचे.

पहिला आठवडा करमणुकीत गेला. युनिकोडच्या आधीच्या फाँटमधल्या फायली उघडल्या की पडद्यावर मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं दिसायचं. शेवटी त्यांच्या प्रिंट काढून त्या पुन्हा स्कॅन केल्या. 'जिल्हाधिकारी, रत्नागिरी' यांचे जुने आदेश प्रोग्रामने परजिल्ह्याचे म्हणून बाजूला काढले. सिंधुदुर्ग 1 मे 1981 ला वेगळा झाला, त्याआधी मालवण-वेंगुर्ला रत्नागिरीतच होते, हे त्याला कोण सांगणार? मी सांगितलं. थोडा शेफारलोही.

एक गोष्ट मात्र तो प्रोग्राम आमच्याहून चांगली करायचा. शासन निर्णयाच्या डोक्यावर 'वाचा' म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते. ती आम्ही कधीच वाचत नाही. तो एकेक धागा धरून मागे जायचा आणि 'अधिक्रमित', म्हणजे नव्या निर्णयाने बाद झालेला, हा शब्द दिसला की ओळ लाल करायचा.

गुरुवारी दुपारी त्या पोराला काय सुचलं, त्याने खिडकीशेजारी चिकटवलेल्या यादीचा फोटो काढून तोही आत टाकला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लागणारी कागदपत्रं. सातवी ओळ लाल: '100 रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र'. खाली कारण: 9 मार्च 2015 चा सामान्य प्रशासन विभागाचा शासन निर्णय. कायद्यानेच प्रतिज्ञापत्र मागितलं नसेल तिथे साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र पुरे. त्याखाली आणखी एक नोंद: सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क 2004 पासूनच माफ.

म्हणजे कागदही नको होता आणि त्यावरचा मुद्रांकही नको होता.

"सर, चुकलंय का माझं?" पोराने विचारलं. मी तो निर्णय उघडून स्वतः दोनदा वाचला. त्याचं चुकलं नव्हतं. ती यादी मी टाइप केली होती, आधीच्या कारकुनाच्या यादीवरून, त्याने त्याच्या आधीच्यावरून. मशीनची चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं, हे कबूल करतो.

त्याच दिवशी सकाळी खाडीपलीकडच्या एका काकींना मी परत पाठवलं होतं. नातीच्या शिष्यवृत्तीसाठी दाखला हवा होता. "काकी, प्रतिज्ञापत्र नाही यात." त्या काही भांडल्या नाहीत. छत्री उघडून आवाराबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे गेल्या.

साहेबांकडे टिपणी घेऊन गेलो. ते वाचून म्हणाले, "बरोबर आहे. पण वरून लेखी येईपर्यंत यादी राहू दे." निर्णय वरूनच आलाय, सात वर्षं झाली, असं म्हणालो. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "यादीवर कोणाची सही आहे?" कोणाचीच नव्हती. "मग काढ."

कागद डिंकाने चिकटवलेला, ओलीने भिंतीत मुरलेला. पट्टीने खरवडला तर रंगाचे पोपडे निघाले, पण सातवी ओळ काही निघेना. तेवढी काळ्या मार्करने मारली.

साडेचारला काकी परत आल्या. पदराखालून प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून मुद्रांक, टाइप केलेला, नोटरीचा शिक्का ओला. "भाऊनू, आता आणि काय हाडू?"

काही नको म्हणालो. स्वयंघोषणापत्राचा कोरा नमुना पुढे केला, कुठे अंगठा ते दाखवलं. हे सकाळी का नाही सांगितलं, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं होतं. त्या मुद्रांकाकडे बघत राहिल्या, मग घडी घालून पिशवीत ठेवला.

"असांदे. कागद जाड आसा. नातीच्या वहीक कव्हर घालूक होतलो."