औंधची सहल

या वर्षी सहल वॉटरपार्कला नाही, सातारा जिल्ह्यातल्या औंधला न्यायची, असं मी पालकसभेत सांगितलं तेव्हा लगेच प्रश्न आला, "गुरुजी, औंधात काय बघायचं? यमाईला तर आम्ही जत्रेला जातोच की." खरं होतं. कोरेगाव तालुक्यातलं आमचं निम्मं गाव जत्रेला औंधला असतं. पण यमाईच्या मूळपीठाच्या डोंगरावर जाताना वाटेत औंधच्या राजांचं जे संग्रहालय लागतं, ते आतून कुणी पाहिलंय विचारलं, तर एकही हात वर झाला नाही. तिथंच माझं मन पक्कं झालं.

मग कागदपत्रं. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुलांची यादी, पालकांची संमतीपत्रं, सोबतच्या शिक्षकांची नावं. मुली असल्यामुळे बाई सोबत हव्यातच. फाईल केंद्रप्रमुखांमार्फत वर गेली आणि परत आली. एका संमतीपत्रावर नुसता अंगठा होता, शेजारी नाव नव्हतं. त्या मुलीची आई ऊसतोडीला गेलेली, अंगठा आजीचा. संध्याकाळी घरी गेलो. आजींनी चहा ठेवला, पुन्हा अंगठा दिला आणि विचारलं, "राजाच्या घरात पोरींना सोडत्यात का?" म्हटलं, "आजी, राजानं ते सगळ्यांसाठीच ठेवलंय."

गाडीसाठी मात्र माझ्यासारखा उशीर करू नका. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर, म्हणजे तेवढ्या सहलीपुरती भाड्यानं मिळते आणि शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत असते. त्या सवलतीमुळेच मजुरी करणाऱ्या घरांतली मुलं येऊ शकली. पण हिवाळ्यात सगळ्याच शाळांच्या सहली निघतात. आम्हाला हवी ती तारीख मिळाली नाही, आठवडाभर थांबावं लागलं.

तो आठवडा वाया गेला नाही. रोज शेवटच्या तासाला मुलांना भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींबद्दल सांगत होतो. १९०९ ते १९४७ ते औंधचे राजे होते. संस्थान जेमतेम बहात्तर गावांचं. शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालायला लावणारे, स्वतः हातात कुंचला धरणारे राजे. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना करून त्यांनी कारभार लोकांच्या हाती दिला, हे ऐकून एक मुलगा म्हणाला, "म्हणजे राजानंच राज्य सोडलं?" याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

रहिमतपूरवरून औंधला पोचलो. आधी देवीचं दर्शन, मग संग्रहालय. १९३८ साली उभारलेली ही वास्तू. आत जाण्यापूर्वी एकच गोष्ट सांगितली: सगळं बघू नका, एक वस्तू निवडा आणि तिच्यासमोर थांबा. धावत धावत दालनं संपवली की मुलांच्या डोक्यात काही उरत नाही, हे मी आधीच्या सहलींत पाहिलंय.

सहा ऋतूंच्या मूर्तींपाशी खालची नावं न वाचता ऋतू ओळखायला लावले. शिशिर कोणता यावर दोन गट पडले आणि अर्धा तास तिथंच गेला. जाऊ दिला. राजा रविवर्म्यांच्या चित्रांसमोर बाई मुलींना साडीच्या चुण्या दाखवत होत्या, रंगानं कापड कसं केलंय ते. हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं 'आई आणि मूल' इथं आपल्या खटाव तालुक्यात आहे, याचं मला आजही अप्रूप वाटतं. मोठी मुलं त्यापुढून लवकर सरकली. आजीचा अंगठा घेऊन आलेली ती मुलगी मात्र हलेना. मूर्तीभोवती तीन फेऱ्या मारल्या तिनं.

दुपारी गावात, देवळासमोरच्या उंच दीपमाळेच्या सावलीत डबे सोडले. खाऊन झाल्यावर कोरे कागद वाटले. समोर वस्तू नाही, फोटो नाही, आठवेल तसं काढा म्हटलं. कुणी दीपमाळच काढली, कुणी एसटी. त्या मुलीनं आई आणि मूल काढलं, पण आईच्या कपाळावर तीन हिरवे ठिपके दिले.

"हे तिथं होतं का गं?"

"नव्हतं. आज्जीला आहे, गोंदलेलं."